वन्सं, स्वॅपला जागा किती?

मी जागा बोलतेय. नावातच घोळ आहे बघा. जागा म्हणजे ठिकाण, आणि जागा म्हणजे झोपेतून उठलेला. मी पहिल्या प्रकारातली आहे, आणि बराचसा वेळ झोपलेलीच असते.

माझं पूर्ण नाव स्वॅपची जागा. राहते कॉम्प्युटरच्या डिस्कवर, एका कोपऱ्यात. माझं काम समजायला अवघड नाही. कॉम्प्युटरमध्ये मेमरी नावाचं एक टेबल आहे असं धरा. जे काम चालू आहे ते सगळं त्या टेबलावर मांडलेलं असतं. डिस्क म्हणजे बाजूची कपाटं. टेबल भरून वाहायला लागलं, की आतला कारभारी बघतो, कुठल्या वस्तूला बराच वेळ कुणी हात लावलेला नाही, आणि ती उचलून माझ्याकडे आणून टाकतो. मालकाला ती परत हवी झाली की मी देते. पण सावकाश. टेबलावरची वस्तू चुटकीसरशी हातात येते, माझ्याकडची यायला वेळ लागतो. स्वभावाला औषध नाही.

तर मी किती मोठी असावी, या एका प्रश्नावरून एका घरात दोन बायकांचं बोलणं बंद झालं होतं. ती हकिगत सांगते. सांगताना मी थोडी चहाडखोर वाटेन. पण लोक आपल्या वस्तू माझ्याकडे टाकतात, मी त्या मागायला जात नाही.

माझा जन्म एका रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर झाला. एका बाजूला वहिनी बसली होती, दुसऱ्या बाजूला तिची नणंद. मधे नवा कॉम्प्युटर, चहाचे कप, आणि टेबलाच्या टोकाला वहिनीचा नवरा, म्हणजे नणंदेचा थोरला भाऊ.

वहिनी नाटकांचे पडदे रंगवायची. रंगमंचाच्या मागच्या बाजूला जंगल, रस्ता, राजवाडा असं जे काही दिसतं, ते. वीस वर्षं तिनं जमिनीवर तीस-तीस फुटी कापड अंथरून, वाकून, लांब दांड्याच्या कुंचल्यानं हे काम केलं. मग उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. केस विंचरायची तीसुद्धा डाव्या हातानं. आता ती कागदावर लहान लहान तुकडे रंगवणार होती, त्यांचे फोटो कॉम्प्युटरवर जोडून अवाढव्य चित्र करणार होती, आणि ते चित्र मोठ्या मशीनवर कापडावर छापून घेणार होती. हे जमलं तर तिचं काम चालू राहणार होतं. नाही जमलं तर संपलं.

नणंद एका मोठ्या वाचनालयातले साठ कॉम्प्युटर सांभाळायची. साठ यंत्रं आणि ती वापरणारी माणसं सांभाळून तिला एक सवय लागली होती. ती सांगायची, आणि समोरच्यानं करायचं.

नवरा चष्मेवाला. त्याचं दुकान त्याच इमारतीत, तळमजल्यावर. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘पहिलं बरं की दुसरं?’ असं विचारायचा. घरी आल्यावरही विचारायचा. भाजी कुठली, चादर कुठली, सिनेमा कुठला, पहिलं बरं की दुसरं?

स्क्रीनवर प्रश्न आला. स्वॅपसाठी जागा किती?

“सोळा,” नणंद म्हणाली.

“सोळा काय?”

“जीबी. मेमरी आठची आहे ना? स्वॅप दुप्पट. नियम आहे.”

“कुणाचा नियम?”

“मला ज्यांनी शिकवलं त्यांचा.”

“त्यांच्या कॉम्प्युटरला मेमरी किती होती?”

नणंदेनं चहाचा कप जरा बाजूला सरकवला. त्या काळातल्या मेमरीत आजचा एक धड फोटो मावला नसता. “तो प्रश्नच नाहीये, वहिनी,” ती म्हणाली.

“सोळामध्ये माझी केवढी चित्रं मावतील, वन्सं! एवढी जागा तुम्ही नुसती मोकळी ठेवायला सांगताय.” आजकाल नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही. वहिनी म्हणायची, आणि असं म्हणायची की त्यात आदर किती आणि चिमटा किती ते कळू नये.

“मोकळी नाही. राखीव.”

“राखीव म्हणजे मोकळीच.”

दोघींनी टेबलाच्या टोकाकडे बघितलं. चष्मेवाल्यानं घाईघाईनं चहाचा घोट गिळला. “दोन ठेवा,” तो म्हणाला.

“दोनच का?” दोघींनी एकदम विचारलं.

“दोघी आहात म्हणून.”

अशी मी दोन जीबीची जन्मले. मापबिप काही नाही.

सुरुवातीला मला काही काम नव्हतं. पण महिन्याभरात कळलं, की वहिनी कधीच काही बंद करत नाही. उघडायचं, बघायचं, आणि ते तसंच ठेवून पुढचं उघडायचं. ब्राउझरमध्ये एका वेळी एक्केचाळीस टॅब मी स्वतः मोजलेत. त्यातल्या सदतीसांना ती दिवसेंदिवस हात लावायची नाही, मग कारभारी ते उचलून माझ्याकडे आणायचा.

आखडलेल्या खांद्याच्या व्यायामाचं एक पान तीन महिने माझ्याकडे मुक्कामाला होतं. वहिनी ते अधूनमधून वर मागवायची, पहिलं चित्र बघायची, “करायला हवं” म्हणायची आणि परत खाली. पान उघडलं की तिला निम्मा व्यायाम झाल्यासारखं वाटायचं. चष्मेवालाही काही कमी नव्हता. दुपारी दुकान बंद असताना तो हळूच वर येऊन कॉम्प्युटरला माइक लावायचा, खोलीचं दार ओढून घ्यायचा आणि काहीतरी रेकॉर्ड करायचा. ते काय ते पुढे सांगते. बिचाऱ्यानं घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

पहिले दोन पडदे छान झाले. तिसऱ्याला आकाश फार मोठं होतं. तुकडे जोडता जोडता कॉम्प्युटर रखडायला लागला. माऊस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलायचा. वहिनीनं त्याला नावं ठेवली, मग इंटरनेटवर शोधलं, आणि हाताची घडी घातलेल्या एका माणसाचा व्हिडिओ तिला सापडला. ‘स्वॅप म्हणजे जुन्या काळचं खूळ,’ तो म्हणत होता. ‘बंद करून टाका. तुमचं मशीन पळेल.’

तिनं त्याच्या सांगण्याप्रमाणे काळ्या खिडकीत कमांड लिहिली आणि मला बंद केलं. बंद केलं तरी मी होते तिथेच होते, फक्त कारभाऱ्याला माझ्याकडे यायची मनाई झाली. आणि खरं सांगायचं तर मशीन पळालं. मला वाईट वाटलं, पण पळालं.

आठवड्याभरानं नणंद जेवायला आली होती. ती दुसऱ्याच्या घरी जेवायला गेली तरी आधी कॉम्प्युटर बघते.

“वहिनी, स्वॅप बंद आहे.”

“हो. मीच केलं. एका व्हिडिओत सांगितलं होतं, हाताची घडी घालून बोलत होता एक जण.”

“मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर तुम्ही सोळा म्हणाला असता.”

“म्हणालेच असते!”

“मग?”

नणंदेनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “मग माझी काय गरज आहे? त्या घडी घातलेल्यालाच विचारत जा तुम्ही. तो तुमचं मशीन सांभाळेल.”

ऐकलंत? तुम्ही. एरवी ती वहिनीला ‘तू’ म्हणायची. या घरात कुणी चिडलं की आवाज चढत नाही, मान चढतो. वहिनीला ते बरोबर कळलं. तिनं ताटातली भाकरी तोडली आणि म्हणाली, “बरं.”

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. चष्मेवाला मधल्या मधे निरोप पोचवायचा. “ती विचारत होती, तू कशी आहेस.” “तिला सांग, मजेत.” असा कारभार.

मग एका सोमवारी दुपारी अडीच वाजता व्हायचं ते झालं. वहिनी नव्या नाटकाचा पडदा करत होती. बंदरातली सकाळ. छत्तीस फूट रुंद, वीस फूट उंच. होड्या, गोदामं, दीपस्तंभ, पाणी. सकाळपासून चार तास तिनं होड्या रंगवून जोडल्या होत्या. मेमरीचं टेबल काठोकाठ भरलं. कारभाऱ्याला सवयीनं माझी आठवण आली, पण दार बंद. अशा वेळी तो काय करतो माहीत आहे? टेबलावर जे सगळ्यात अवजड असेल ते सरळ खिडकीबाहेर फेकतो. सूचना नाही, माफी नाही.

चित्राचा प्रोग्राम एका क्षणात नाहीसा झाला. स्क्रीनवर नुसता निळा रंग उरला. होड्या सेव्ह केलेल्या नव्हत्या.

वहिनी कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. डावा हात उजव्या खांद्यावर ठेवून. मी असते तर कॉम्प्युटर रखडला असता, कण्हला असता, पण तिला निदान सेव्ह करायला वेळ मिळाला असता. हे तिलाही कळलं असावं, कारण थोड्या वेळानं तिनं तीच काळी खिडकी उघडली आणि मला पुन्हा चालू केलं. दोनच जीबी. वाढवायची तर डिस्कवर जागा कुठे राहिली होती?

मग तिनं नणंदेला निरोप लिहायला घेतला. ‘वन्सं, तुमचं बरोबर होतं, पण’ एवढं लिहिलं आणि तिथेच थांबली. दुधाचं काहीतरी बघायला उठली. ती खिडकी अर्थातच बंद केली नाही. तिसऱ्या दिवशी कारभाऱ्यानं ती उचलली आणि माझ्या पदरात टाकली. मला त्या ‘पण’चं हसू आवरेना.

होड्या पुन्हा रंगवण्यात आठवडा गेला. नाटकाचा पहिला प्रयोग शनिवारी संध्याकाळी होता. पडदा छापायला शुक्रवारी दुपारी बाराच्या आत द्यायचा होता, कारण बारानंतर छपाईवाल्याच्या मशीनवर दुसऱ्याचं कापड चढणार होतं. दिग्दर्शकानं फोनवर सांगून ठेवलं होतं, “ताई, या वेळी नाही झालं तर आम्ही आपला काळा पडदा लावू. तुमच्या तब्येतीचं आम्ही समजू शकतो.” तो चांगल्या मनानं म्हणाला होता. म्हणून तर जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी सातपासून वहिनी पाण्यावरचा उजेड रंगवत होती. सव्वानऊला शेवटचा फटकारा झाला. आता अकरा थरांचं चित्र सपाट करून एकच चित्र करायचं, सेव्ह करायचं, की झालं. तिनं आज्ञा दिली आणि कॉम्प्युटर थिजला.

त्या वेळी आत काय चाललं होतं ते मला विचारा. मी गळ्यापर्यंत भरलेली. कारभारी धावत यायचा, समुद्राचा एक तुकडा माझ्याकडे टाकायचा, आकाशाचा एक घेऊन जायचा. टेबलापाशी पोचतो न पोचतो तोच त्याला कळायचं की हवा होता समुद्रच. परत धावत. हे घे, ते दे. काम तसूभर पुढे सरकत नव्हतं आणि दोघांचाही जीव चालला होता.

बाहेर माऊसचा बाण दीपस्तंभावर अडकून पडला होता. शेवटचं सेव्ह कालचं. सकाळचा सगळा उजेड अधांतरी.

चष्मेवाला दुकानातून वर आला. “बंद करून चालू करू या का?”

“हात लावून तर बघा,” वहिनी इतक्या शांतपणे म्हणाली की तो दोन पावलं मागे सरला.

“मग तिला फोन कर.”

“तुम्ही करा. तुमची बहीण आहे.”

“ती मला जे विचारेल त्यातलं मला एक अक्षर कळणार नाही. तू कर.”

वहिनीनं केला, आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

“वन्सं, मी बोलतेय.”

“बोला.”

बोला. बोल नाही.

वहिनीनं एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे वाचनालयातला पंखा ऐकू येत होता.

“स्वॅप चालू आहे की बंदच?”

“चालू आहे.”

“कधीपासून?”

“आहे ना चालू! पुढचं सांगा.”

“काळी खिडकी उघडी आहे का, कमांड लिहायची? आता नवी उघडायला जाल तर सगळंच बसेल.”

“आहे. दहा-बारा दिवस उघडीच आहे.”

“तुम्ही ती बंद नाही केलीत?”

“मी कधी काय बंद करते?”

“पहिल्यांदाच हे ऐकून बरं वाटतंय,” नणंद म्हणाली. “आता मी सांगते तसं लिहा. एफ, आर, ई, ई. मग जागा.”

“जागा म्हणजे?”

“जागा सोडा. स्पेस.”

“किती सोडू?”

“एक!”

“बघा वन्सं, सोळावरून आज एकावर आलात.”

पलीकडे, मला वाटतं, कुणीतरी ओठ दाबून धरले असावेत. प्रत्येक अक्षर उमटायला पंधरा-वीस सेकंद लागत होती. शेवटी आकडे आले आणि वहिनीनं ते वाचून दाखवले. मेमरी आठच्या आठ खर्ची पडलेली, मी दोन्हीच्या दोन्ही भरलेली.

“चित्राच्या खिडकीत खाली त्याचा आकार लिहिलेला असतो. तो किती?”

“पाच पूर्णांक आठ.”

“सपाट करताना त्याची आणखी एक प्रत तयार होते. म्हणजे अजून सहा लागतील. हातचे दोन धरू. आठ. आठची नवी स्वॅप फाईल करू या. मशीन चालू असतानाच करता येते.”

वहिनीनं मान वळवून फोनकडे बघितलं. “सोळा नाही?”

“नाही.”

“दुप्पट?”

“दुप्पट हा नियम होता, वहिनी. हे मोजून सांगतेय. आठ पुरेत.”

त्या घरात माझं माप घेतलं गेलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी इतकी भरलेली नसते तर लाजले असते.

नणंदेनं कमांड सांगितली, वहिनीनं लिहिली. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. “मी लिहितेय, काहीच दिसत नाहीये!” वहिनी ओरडली. “पासवर्ड दिसत नसतो,” नणंद म्हणाली. तो मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. दोघी बोलत नसताना वहिनीनं तो बदलला होता आणि त्यात नणंदेविषयी एक विशेषण होतं, एवढंच.

एंटर. उत्तर आलं: डिस्कवर जागा शिल्लक नाही.

“तुमच्या चित्रांशिवाय सगळ्यात मोठं फोल्डर कुठलं आहे?” नणंदेनं विचारलं आणि ते शोधायची कमांड सांगितली. पुन्हा एकेक अक्षर. दहाला पाच कमी असताना उत्तर आलं. फोल्डरचं नाव होतं ‘महत्त्वाचं’. चौदा जीबी.

“हे कुणाचं?” वहिनी म्हणाली.

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. “माझं.”

“काय आहे त्यात?”

“बासरी.”

“काय?”

“बासरी शिकतोय मी. दोन वर्षं झाली. रोज दुपारी वाजवतो आणि रेकॉर्ड करतो. कुठे चुकतो ते कळावं म्हणून.”

फोनमधून आवाज आला, “दादा, तू बासरी वाजवतोस?”

“वाजवत नाही. शिकतोय.”

वहिनीनं घड्याळाकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तिचा आवाज जरा मऊ झाला. “पहिलं बरं की दुसरं?” तिनं विचारलं. “बासरी की बंदर?”

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. “दुसरं,” तो म्हणाला. “पण त्यातलं सतरावं ठेव.”

“सतरावं का?”

“त्यात एकदाच सूर लागलाय.”

मी साक्षीदार आहे, खरंच लागला होता. बाकी सगळी रेकॉर्डिंगं एखाद्या प्रेशर कुकरचं मन मोकळं व्हावं तशी होती.

सतरावं बाजूला काढण्यात चार मिनिटं गेली. मग पुसायची कमांड. “एंटर दाबायच्या आधी एकेक अक्षर मला वाचून दाखवा,” नणंद म्हणाली. “या कमांडला दयामाया नसते.” वहिनीनं वाचलं. चष्मेवाला खिडकीबाहेर बघत उभा राहिला. एंटर.

“झाली जागा. आता आठची फाईल करा.”

“दहाची करते,” वहिनी म्हणाली.

“कशाला? मी मोजलंय ना!”

“आठ कामाचे. दोन तुमच्या मानाचे.”

नणंदेनं घसा साफ केला. “वहिनी, उगाच वेळ घालवू नकोस. लिही पटकन. एस, डब्ल्यू...”

लिही. लिहा नाही. चष्मेवाल्यानं खिडकीतून वळून बघितलं. त्यालाही ते ऐकू आलं होतं.

दहा वाजून बारा मिनिटांनी मी दोनाची बारा झाले. काय सांगू! कोंबून भरलेल्या गाडीत शेजारच्यानं उठून जावं आणि आपल्याला मांडी घालून बसता यावं, तसं झालं. कारभारी आला आणि थबकलाच. मग त्यानं निवांतपणे सदतीस टॅब, व्यायामाचं पान, सगळं अडगळीचं माझ्याकडे आणून रचलं आणि टेबल बंदरासाठी मोकळं केलं. बाण दीपस्तंभावरून हलला. वहिनीनं श्वास सोडला तो मला आत ऐकू आला. पाऊण तासानं चित्र सपाट झालं आणि सेव्हही झालं. तोवर नणंदेनं फोन ठेवला नव्हता. दोघी काही बोलत नव्हत्या, पण ठेवलाही नव्हता.

चष्मेवाला पेनड्राईव्ह घेऊन जिना उतरला. दुकानात एक गिऱ्हाईक सकाळपासून एक डोळा झाकून खुर्चीत बसलेलं होतं. “दोन मिनिटांत आलो,” असं त्याला सांगून तो धावत सुटला. हे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. छपाईवाल्याकडे तो पोचला तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. हा छपाईवाला अति टापटिपीचा माणूस. टेबलावर एक कात्री, एक पट्टी, बस. त्यानं घड्याळ बघितलं. “पस्तीस मिनिटं आधी आलात,” तो म्हणाला. “असं कुणी येत नाही.”

शनिवारी नाटकाचा पडदा वर गेला आणि बंदर दिसल्याबरोबर, अजून कुणी नट आलेला नसताना, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नणंद वहिनीच्या शेजारी बसली होती. टाळ्या संपल्यावर ती वहिनीच्या कानाशी वाकून म्हणाली, “दीपस्तंभ जरा डावीकडे हवा होता.” वहिनी म्हणाली, “तिथेच अडकला होता ना बाण.” दोघी इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे वळून बघितलं.

रविवारी नणंद कॉम्प्युटर तपासायला आली. एकेक खिडकी वर आणून विचारायची, “ही हवी का? बंद करू?” अशी एकामागून एक बंद करता करता तिला तो निरोप सापडला. मीच वर पाठवला. थोडी घाईनंच पाठवला, कबूल करते.

तिनं वाचला. “‘तुमचं बरोबर होतं, पण’,” ती म्हणाली. “पण काय?”

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. “पणच्या पुढचं सुचलं नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर पाठवलं नाही.”

नणंदेनं ती खिडकी बंद केली नाही. पुढच्या आठवड्यातही ती तिथेच होती.

त्याला आता तीन वर्षं झाली. वहिनीनं त्यानंतर चौदा पडदे केले. खांदा पूर्ण सुटला नाही, पण हात कपाळापर्यंत जातो. बाराच्या बारा जीबी मी एकदाच भरले, एरवी पाच-सहावर भागायचं. आणि आज सकाळी त्याच जेवणाच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आलाय. मेमरी बत्तीस. मी जुन्या मशीनमधून सगळं ऐकतेय.

“चार पुरेत,” नणंद म्हणाली. “एवढी मेमरी असताना स्वॅप लागतंय कुणाला?”

“बत्तीस,” वहिनी म्हणाली.

“बत्तीस? वहिनी, तू बरी आहेस ना?”

“मला काहीही बंद न करता मशीन झोपवायचंय. वीज गेली तरी सकाळी सगळं जिथल्या तिथे हवं. तुम्हीच सांगितलंत, त्यासाठी मेमरीतलं सगळं स्वॅपमध्ये उतरवून ठेवतात. मग मेमरीएवढी जागा नको?”

नणंदेनं बोटांवर मोजून बघितलं. हिशेब बरोबर होता. “पण चित्रांना जागा कमी पडेल,” ती म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी एवढी वर्षं जगले म्हणायची.

तर माझी धाकटी बहीण बत्तीसची निघाली. आणि मी? हे जुनं मशीन छपाईवाल्याला जातंय. जायच्या आधी मला पुसून पुन्हा मांडणार. आता नणंद आकडा विचारत बसत नाही, तिचा प्रश्न बदललाय. तिनं फोन लावला.

“एका वेळी किती फाईली उघड्या असतात तुमच्याकडे?”

“एक,” छपाईवाला म्हणाला.

“आणि इंटरनेटची पानं?”

“एक. बघून झालं की बंद.”

“काम करता करता उठलात तर?”

“सगळं बंद करूनच उठतो. खुर्चीसुद्धा आत सरकवतो.”

नणंदेनं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं छताकडे बघितलं. “याला एक जीबी पुष्कळ झाली,” नणंद म्हणाली.

एक! बाराची मी एकावर. शिवाय अशा माणसाच्या घरी, जिथे माझ्याकडे कधी काही येणारच नाही.

म्हणून निरोप घेताना तुम्हाला दोन गोष्टी सांगते. तुमच्या कॉम्प्युटरनं कधी विचारलं की स्वॅप किती, तर शेजाऱ्याचा आकडा ऐकू नका, हाताची घडी घातलेल्यांचाही नको. आपण काय काय उघडं टाकून उठतो ते एकदा बघा आणि त्यावरून ठरवा. पण ते बघून लाजेपोटी सगळंच बंद करत सुटू नका हं. थोडं काहीतरी अर्धवट राहू द्या, आम्हालाही पोट आहे. छपाईवाल्यानं एखाद्या दुपारी चुकून एक खिडकी उघडी टाकून जेवायला जावं, एवढीच आशा धरून मी निघालेय. थांबा, नणंदेचं बोट एंटरवर आलंच. बाई गं, एक तरी मिनिट